आहार, तेलकट त्वचा आणि मुरुमे : माहितीपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

३ मार्च

त्वचारोग विभागात येणाऱ्या तरुण रुग्णांसाठी आहार आणि मुरुमे या विषयावर छोटी पुस्तिका तयार करण्याचे काम आजपासून सुरू झाले. मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आहे. वैद्यकीय तपासणी त्वचारोगतज्ज्ञ करतील, आहाराचा भाग आहारतज्ज्ञ पाहतील आणि आकृत्या चित्रकार काढून देणार आहेत.

पहिल्या बैठकीत रुग्णांकडून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी वाचली. तेलकट खाल्ले की चेहरा तेलकट होतो का, चॉकलेट सोडावे का, दूध बंद करावे का, भरपूर पाणी प्यायल्याने त्वचा स्वच्छ होते का, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही या एका शब्दात मिळावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. उपलब्ध पुरावा मात्र तितका एकसुरी नाही. म्हणून पुस्तिकेत जाणाऱ्या प्रत्येक विधानासमोर, कच्च्या खर्ड्यापुरती, ‘ठाम’, ‘संभाव्य’ किंवा ‘अपुरे’ यांपैकी एक खूण करायची असे ठरले. वाक्यातील क्रियापद त्या खुणेशी जुळले पाहिजे. ‘होते’, ‘होऊ शकते’ आणि ‘होते असे म्हणता येत नाही’ यांची अदलाबदल चालणार नाही, हा नियम त्वचारोगतज्ज्ञांनी आग्रहाने मांडला आणि तो मला पूर्णपणे पटला.

६ मार्च

आहाराकडे वळण्यापूर्वी त्वचेवरचे तेल येते कुठून, हे एका पानात सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गैरसमज याच ठिकाणी सुरू होतात. केसाच्या मुळाशी जोडलेल्या तैलग्रंथीत सीबम, म्हणजे त्वचेचे तेल, तयार होते. ग्रंथीच्या कडेला नव्या पेशी जन्म घेतात, आत सरकताना स्निग्ध पदार्थांनी भरत जातात आणि शेवटी फुटून त्यांचाच स्राव बनतो. या प्रवासाला दोन ते तीन आठवडे लागतात. तेव्हा काल रात्रीच्या जेवणातील तेल आज सकाळी कपाळावर दिसते, ही कल्पना ग्रंथीच्या कामाच्या गतीशीच जुळत नाही.

सीबमची घडणही वेगळी आहे. त्यात ट्रायग्लिसराइड असतात, पण त्याबरोबर मेणासारखी वॅक्स एस्टर आणि स्क्वालीन मोठ्या प्रमाणात असतात. ही घडण ताटातील तेलाची नक्कल नसते. आहारातील स्निग्ध पदार्थ पचनात सुटे होतात आणि रक्तातून शरीरभर जातात. तैलग्रंथी त्यांतील काही आम्ले वापरते हे खरे, परंतु तिला जास्त किंवा कमी काम करायला लावणारा मुख्य हुकूम संप्रेरकांचा असतो, विशेषतः टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीतच तयार होणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचा. पौगंडावस्थेत चेहरा अचानक तेलकट होऊ लागतो तो यामुळे.

मुरूम होण्यासाठी केवळ तेल पुरत नाही. केसाच्या नळीच्या तोंडाशी पेशींचा थर जाड होऊन बूच बसते, आत सीबम साचते, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवर एरवीही राहणारा जिवाणू तेथे वाढतो आणि दाह सुरू होतो. (या जिवाणूला २०१६ पर्यंत प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत. जुने लेख वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून हे एका ओळीत ठेवणार आहे.) बूच उघडे राहिले तर त्याचे टोक काळे दिसते. तो रंग प्रामुख्याने मेलॅनिनचा असतो, मळाचा नसतो, त्यामुळे घासून धुतल्याने तो जात नाही.

याच पानावर आनुवंशिकतेचे वाक्यही हवे, असे त्वचारोगतज्ज्ञांचे म्हणणे आहे. ब्रिटनमधील जुळ्या स्त्रियांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुरुमांच्या प्रमाणातील व्यक्ती-व्यक्तींमधल्या फरकापैकी ८१ टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा आढळला होता. हा आकडा आधी वाचला की आहाराकडून ठेवायच्या अपेक्षेला आपोआप मर्यादा पडते. शिवाय एकाच घरात, एकाच ताटातले जेवणाऱ्या भावंडांपैकी एकालाच मुरुमे का येतात, याचेही उत्तर काही अंशी त्यात आहे, कारण सख्ख्या भावंडांचा आनुवंशिक वारसा एकसारखा नसतो.

खूण : तेलकट अन्न थेट त्वचेवर तेल बनून येत नाही, ‘ठाम’. मात्र तळणीजवळ तासन्तास काम करणाऱ्यांच्या त्वचेवर तेलाची वाफ बसून नळ्या बुजू शकतात. ती बाहेरून आलेल्या तेलाची गोष्ट असल्याने वेगळ्या चौकटीत घ्यावी.

११ मार्च

आज चॉकलेटचे प्रकरण हातात घेतले. ‘चॉकलेटचा आणि मुरुमांचा संबंध नाही’ हे विधान अनेक दशके वैद्यकीय शिक्षणात जवळपास निकालासारखे सांगितले जात होते आणि त्यामागे मुख्यतः एकच प्रयोग होता. फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांवर तो केला. त्यांतील काही मुरुमांसाठी उपचार घेणारे किशोरवयीन होते आणि ३५ जण तुरुंगातील तरुण कैदी होते. प्रत्येकाला चार आठवडे रोज नेहमीपेक्षा दहापटीहून अधिक चॉकलेट असलेली वडी दिली गेली आणि दुसऱ्या टप्प्यात तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी दिली गेली. मुरुमांच्या संख्येत दोन्ही टप्प्यांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही.

या प्रयोगाचा दोष वडीच्या घटकांत आहे. तुलनेसाठी दिलेल्या वडीत कोको नव्हता, पण वनस्पती-स्निग्ध आणि साखर भरपूर होती. म्हणजे प्रयोगाने विचारलेला प्रश्न फार अरुंद होता : साखर आणि स्निग्ध तेवढेच ठेवून फक्त कोको काढला तर फरक पडतो का? त्याचे उत्तर ‘नाही’ आले आणि वाचणाऱ्यांनी ते ‘आहाराचा मुरुमांशी संबंध नाही’ इतके ताणले. शिवाय प्रत्येक टप्पा चार आठवड्यांचा होता. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म बूच दिसण्याजोगे होण्यास साधारण आठ आठवडे लागू शकतात, हे धरले तर तो कालावधीही तोकडाच म्हणावा लागेल. १९७१ मध्ये २७ वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशयित पदार्थ आठवडाभर खाऊ घालून झालेल्या पाहणीबद्दल तर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

अलीकडच्या एका प्रयोगात ५४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकदा चॉकलेट आणि एकदा तितक्याच ग्लायसेमिक भाराच्या जेलीच्या गोळ्या दिल्या. ४८ तासांनंतर चॉकलेटच्या फेरीत सरासरी ४.८ मुरुमे वाढली, तर गोळ्यांच्या फेरीत ०.७ कमी झाली. येथे साखरेचा भार सारखा ठेवल्याने संशयाची सुई पुन्हा चॉकलेटकडे वळते. पण दोन दिवसांत नवे बूच तयार होणे शक्य नसल्याने, आधीच असलेल्या बुचांचा दाह भडकला असावा एवढेच यातून म्हणता येईल. दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले तर खूण ‘अपुरे’ अशीच करावी लागते. रुग्णाला सांगायचे वाक्य असे : ‘चॉकलेट खाल्ल्यावर आपली मुरुमे वाढतात असे आपल्याला वारंवार जाणवत असेल, तर काही आठवडे ते बंद करून पाहण्यात नुकसान नाही, सर्वांनीच ते सोडावे असे सांगण्याजोगा पुरावा नाही.’

१४ मार्च

किटावा आणि आचे यांचा उल्लेख ठेवावा की नाही, यावर बराच वेळ चर्चा झाली. कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरच्या १२०० लोकांची त्वचा तपासली होती. त्यांत १५ ते २५ वयोगटातील ३०० जण होते आणि एकालाही मुरूम आढळले नाही. पॅराग्वेतील आचे जमातीच्या ११५ जणांना ८४३ दिवसांच्या कालावधीत तपासले, तेथेही हेच चित्र दिसले. ज्या वयात मुरुमे जवळपास अटळ मानली जातात, त्या वयातील शेकडो लोकांच्या चेहऱ्यावर एकही मुरूम नसावे, ही गोष्ट लक्षवेधी आहे यात शंका नाही. दोन्ही समाजांच्या आहारात शुद्ध साखर, मैदा आणि दुग्धजन्य पदार्थ जवळपास नव्हते.

पण त्या लोकांचे केवळ अन्न वेगळे नव्हते. त्यांचे शारीरिक श्रम, वजन, वयात येण्याचा काळ आणि आनुवंशिक वारसा हे सगळेच वेगळे होते. आहारतज्ज्ञांच्या मते अशी गोष्ट वाचकाला चटकन भुरळ घालते आणि तो ‘आदिम आहार’ नावाने विकल्या जाणाऱ्या कोणत्याही योजनेकडे वळतो. उल्लेख ठेवला, पण तो या अभ्यासाने प्रश्न पुन्हा उघडला एवढ्यापुरताच.

१९ मार्च

पुस्तिकेचा गाभा आज लिहिला. पिष्टमय आणि गोड पदार्थांबद्दल बोलताना दोन संज्ञा टाळता येत नाहीत. ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये टोरांटो येथे मांडली. विशिष्ट पदार्थातून ५० ग्रॅम कर्बोदके घेतल्यावर रक्तातील साखर किती वाढते, याची तुलना शुद्ध ग्लुकोजशी करून त्या पदार्थाला अंक दिला जातो, ग्लुकोजचा अंक १०० धरून. परंतु आपण एका वेळी तो पदार्थ किती खातो, हे त्या अंकात येत नाही. ती उणीव ग्लायसेमिक भार भरून काढतो : इंडेक्सला एका वेळी ताटात वाढलेल्या भागातील कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागायचे. कलिंगडाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्याचा इंडेक्स सुमारे ७२ असल्याने यादीत ते धोक्याच्या रकान्यात दिसते, पण १२० ग्रॅमच्या भागात कर्बोदके जेमतेम ६ ग्रॅम असतात, म्हणून भार ४ च्या आसपासच भरतो. केवळ इंडेक्सची यादी पाहून फळ सोडणारे आणि त्याच वेळी गोड पेय रिचवणारे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिलेले आहेत, तेव्हा हे गणित कितीही रुक्ष वाटले तरी ते पुस्तिकेत राहील.

पुराव्यातील सर्वांत वजनदार प्रयोग मेलबर्नचा आहे. स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. १५ ते २५ वयाच्या ४३ पुरुषांपैकी एका गटाला बारा आठवडे असा आहार दिला, ज्यात एकूण ऊर्जेपैकी २५ टक्के प्रथिनांतून आणि ४५ टक्के कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या कर्बोदकांतून येत होती. दुसऱ्या गटाने नेहमीसारखा कर्बोदकप्रधान आहार घेतला. पहिल्या गटात मुरुमांची संख्या सरासरी २३.५ ने घटली, दुसऱ्या गटात १२ ने. दुसऱ्या गटातील घट वाचकाने नीट पाहावी अशी माझी इच्छा आहे. आहारात विशेष बदल न करताही त्यांची मुरुमे कमी झाली, कारण मुरुमे मुळातच चढउतार करतात आणि लोक प्रयोगात शिरतात ते बहुधा त्रास शिगेला असताना. आहाराचे श्रेय मोजायचे ते या दोन आकड्यांमधील अंतराने. त्यातही पहिल्या गटाचे वजन सरासरी सुमारे तीन किलोने उतरले होते, त्यामुळे सुधारणा अन्नाच्या प्रकारामुळे की वजन घटल्यामुळे, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही.

कोरियातील २०१२ चा अभ्यास याला वेगळ्या बाजूने आधार देतो. ३२ रुग्णांपैकी ज्यांनी दहा आठवडे कमी ग्लायसेमिक भाराचा आहार घेतला, त्यांच्या त्वचेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता तैलग्रंथींचा आकार लहान झालेला आढळला. चेहऱ्यावर काय दिसते हे मोजणाऱ्याच्या नजरेवर थोडेफार अवलंबून असते, पण कापलेल्या नमुन्यातील ग्रंथीच्या आकाराच्या बाबतीत ती अडचण बरीच कमी होते. उलट २०१० मध्ये ५८ किशोरवयीन मुलांवर झालेल्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात दोन गटांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. कालावधी कमी आणि दोन आहारांतील तफावतही कमी, ही त्यामागची कारणे असू शकतात. खूण : ‘संभाव्य’. या पुस्तिकेत आहाराच्या बाजूने याहून बळकट खूण कशालाच मिळेल असे दिसत नाही.

२४ मार्च

आकृतीच्या कामासाठी चित्रकारांबरोबर बसलो. त्यांना दाखवायची साखळी अशी आहे. झटकन पचणारी कर्बोदके रक्तातील साखर वेगाने वाढवतात, तिच्यामागे इन्शुलिन वाढते. वाढलेल्या इन्शुलिनमुळे यकृतात तयार होणारे, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते आणि मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण वाढते. त्याच वेळी आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाचे कार्य वाढते. तैलग्रंथीच्या पेशीत हे संदेश एमटॉरसी-१ नावाच्या नियंत्रकापर्यंत पोहोचतात, तो स्निग्ध पदार्थ तयार करण्याचे काम वाढवतो आणि नळीच्या तोंडाशी पेशींची वाढही जोर धरते.

चित्रकारांनी पहिल्या आराखड्यात साखरेच्या चमच्यापासून मुरुमापर्यंत एकच जाड लाल बाण काढला होता. तो पाहताच त्वचारोगतज्ज्ञांनी पेन्सिलीने त्याचे पाच तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी ठेवायला सांगितली : साखर ते इन्शुलिन हा जाड, इन्शुलिन ते संप्रेरके हा मध्यम, आणि ग्रंथी ते दिसणारे मुरूम हा शेवटचा तुकडा बारीक व तुटक, कारण तेथे आनुवंशिकता, जिवाणू, दाहाची प्रवृत्ती असे इतर अनेक बाण बाजूने येऊन मिळतात. नव्या आकृतीत ते बाजूचे बाणही आले आहेत. चित्र थोडे गर्दीचे झाले, पण शब्दांत जे तीन परिच्छेद घेते ते त्यातून एका नजरेत कळते.

साखळीच्या मधल्या कडीसाठी सर्वांत बोलका पुरावा एका दुर्मीळ आजारातून मिळतो. लॅरॉन सिंड्रोम असलेल्यांच्या शरीरात जन्मतःच आयजीएफ-१ अत्यल्प असते. अशा रुग्णांवर इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासात दिसले, की उपचार न घेणाऱ्यांना मुरुमांचा त्रास सहसा होत नाही, आणि बाहेरून आयजीएफ-१ अधिक मात्रेत दिले गेले तेव्हा काहींना मुरुमे आली. मात्रा कमी केल्यावर ती ओसरली.

२ एप्रिल

दुधाचा भाग अपेक्षेपेक्षा अवघड निघाला. दुधाचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी आहे, तरी ते प्यायल्यावर इन्शुलिन त्या मानाने बरेच वाढते. हे मुख्यतः त्यातील व्हे प्रथिनांमुळे होते, तर केसीन या दुधातील दुसऱ्या प्रथिनाचा संबंध आयजीएफ-१ वाढण्याशी जोडला जातो. त्यामुळे यंत्रणेच्या बाजूने संशय रास्त आहे. लोकसंख्येवरील अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातील ४७,३५५ स्त्रियांना त्यांच्या शालेय वयातील आहार आठवून सांगण्यास सांगितले गेले. २००५ च्या अहवालानुसार, सर्वाधिक दूध पिणाऱ्या गटात तीव्र मुरुमांचे प्रमाण सर्वांत कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत २२ टक्क्यांनी अधिक होते, आणि साय काढलेल्या दुधाच्या बाबतीत ४४ टक्क्यांनी. स्निग्धांश काढल्यावर संबंध कमी व्हायला हवा होता, तो उलट वाढला. म्हणजे दोष असलाच तर तो सायीत नसावा. मात्र प्रौढ स्त्रीला आपण शाळेत असताना किती पेले दूध प्यायचो हे कितपत आठवेल, हा प्रश्न उरतोच.

२०१८ मध्ये जूल आणि सहकाऱ्यांनी ७८,५२९ मुले व तरुण समाविष्ट असलेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांसाठी शक्यता-गुणोत्तर (मुरुमे असणारे आणि नसणारे यांच्या प्रमाणाची दोन गटांतील तुलना) १.२५ आले. हा आकडा ‘२५ टक्के जास्त लोकांना मुरुमे’ असा वाचला जातो आणि तो तसा नसल्याने पुस्तिकेत एक काल्पनिक उदाहरण घातले आहे. समजा, दूध न घेणाऱ्या शंभर जणांपैकी ४० जणांना मुरुमे आहेत. गुणोत्तर १.२५ असेल तर दूध घेणाऱ्या शंभरांत ती साधारण ४५ जणांना असतील. म्हणजे फरक शंभरांत पाच जणांचा, आणि तोही दूध हेच कारण आहे असे गृहीत धरले तर. फ्रान्समधील २४,४५२ प्रौढांच्या २०२० च्या अभ्यासातही दूध, गोड पेये आणि स्निग्ध-गोड पदार्थ यांचा मुरुमांशी संबंध आढळला, पण तोही निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कारण आणि योगायोग यांत फरक करू शकत नाही. दूध काटेकोरपणे बंद करून पाहणारा मोठा यादृच्छिक प्रयोग हाताशी नसताना ‘संभाव्य’ या खुणेच्या पुढे जाता येत नाही.

आहारतज्ज्ञांनी येथे स्पष्ट अट घातली. वाढत्या वयातील मुलामुलींना दूध बंद करण्याचा सल्ला देताना कॅल्शियम आणि प्रथिने कुठून मिळतील हे त्याच परिच्छेदात सांगितलेच पाहिजे, अन्यथा तो परिच्छेद छापू नये. अट मान्य झाली.

व्यायामशाळेत जाणाऱ्यांसाठी व्हे पावडरची वेगळी चौकट केली आहे. ती सुरू केल्यानंतर मुरुमे आलेल्या किंवा बळावलेल्या तरुणांची रुग्णवर्णने प्रसिद्ध झालेली आहेत. ही वर्णने मोजक्या रुग्णांची असली तरी त्यांची शहानिशा स्वतःवर करून पाहणे सोपे आहे, कारण पावडर थांबवल्याने आहाराचे काही बिघडत नाही. तिच्याच शेजारी बी-१२ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा उल्लेख येईल. २०१५ च्या एका अभ्यासात असे दिसले, की बी-१२ मिळाल्यावर त्वचेवरील क्युटिबॅक्टेरियम आपले स्वतःचे बी-१२ तयार करणे कमी करतो आणि त्याऐवजी दाह वाढवणारी पॉर्फिरिन नावाची रसायने अधिक बनवू लागतो. कमतरता असलेल्याने मात्र हे वाचून गोळी बंद करू नये, हेही तेथेच लिहिले.

५ एप्रिल

पाणी : भरपूर पाणी पिऊन तेलकटपणा किंवा मुरुमे कमी होतात याला आधार नाही. एका ओळीत संपवले. पाण्याने गोड पेयाची जागा घेतली तर होणारा फायदा त्या पेयातली साखर टळल्याचा आहे.

९ एप्रिल

अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांशी मजकूर ताडून पाहिला. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीच्या २०१६ च्या तत्त्वांत जास्त ग्लायसेमिक इंडेक्सच्या आहाराचा मुरुमांशी संबंध असू शकतो, असे म्हटले होते. २०२४ च्या सुधारित तत्त्वांत कमी ग्लायसेमिक आहार, दूध वा व्हे कमी करणे आणि ओमेगा-३ स्निग्ध आम्ले यांबाबत शिफारस करण्यास पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले आहे. ब्रिटनमधील नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेच्या २०२१ च्या सूचनांतही मुरुमांच्या उपचारासाठी विशिष्ट आहार सुचवण्याइतका पुरावा नसल्याचे रुग्णांना सांगावे, असे म्हटले आहे.

यावरून आमच्यात मतभेद झाला. शिफारसच नसेल तर पुस्तिका कशासाठी, असा प्रश्न आला. माझे मत असे, की रुग्ण आहारात बदल करतातच, आम्ही लिहिले तरी आणि न लिहिले तरी. शिफारस करण्यास पुरावा अपुरा असणे आणि परिणाम नसल्याचे सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या आहेत हे समजावून सांगणे आणि निरुपद्रवी बदल कोणते व घातक कोणते हे दाखवणे, एवढ्यासाठी पुस्तिका हवीच. त्वचारोगतज्ज्ञांनी या मताला दुजोरा दिला, मात्र आहार हा उपचाराला पर्याय नाही हे वाक्य मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत घेण्यास सांगितले. मुरुमांचे व्रण आयुष्यभर राहू शकतात, आणि केवळ पथ्यावर विसंबून काढलेले महिने त्या व्रणांच्या रूपाने महागात पडतात.

१५ एप्रिल

औषधे आणि जेवण हा भाग मूळ आराखड्यात नव्हता, तो आज जोडला. आहाराच्या ज्या परिणामाबद्दल ‘ठाम’ अशी खूण निःशंकपणे करता येते, तो येथे, मुरुमांच्या औषधांवर, आहे. टेट्रासायक्लीन हे मुरुमांसाठी दिले जाणारे प्रतिजैविक दुधाबरोबर घेतले तर दुधातील कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून ठेवते आणि औषधाचा मोठा भाग रक्तात पोहोचतच नाही. त्याच कुळातील डॉक्सिसायक्लीनवर हा परिणाम कमी होतो, पण होतो. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्तावरील गोळ्यांच्या बाबतीतही तेच, म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लीन पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होते.

आयसोट्रेटिनॉइन या तीव्र मुरुमांवरील औषधाचे उलटे आहे. त्याचा नेहमीचा प्रकार उपाशीपोटी घेतला तर रक्तात पोहोचणारे औषध स्निग्धांशयुक्त जेवणाबरोबर घेतल्याच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी भरते. गंमत अशी, की मुरुमांच्या भीतीने ताटातील तेल-तूप पूर्णपणे काढून टाकणारा रुग्ण याच औषधाचा परिणाम स्वतःच्या हाताने कमी करत असतो. तसेच हे औषध सुरू असताना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण औषध त्याच कुळातले असल्याने विषारी परिणाम एकमेकांत भर घालतात.

२२ एप्रिल

स्वतःवर प्रयोग करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी नोंदवहीचे पान तयार केले. अटी अशा ठरल्या : एका वेळी एकच बदल, किमान दहा ते बारा आठवडे, त्या काळात नवे औषध किंवा नवे प्रसाधन सुरू करायचे नाही, आणि आठवड्यातून एकदा त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच कोनातून चेहऱ्याची छायाचित्रे घ्यायची. मासिक पाळीच्या आधी अनेकींची मुरुमे वाढतात, म्हणून पाळीच्या तारखांचा रकाना ठेवला. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील किंवा वजन अकारण वाढत असेल, तर आहाराचा प्रयोग बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी, ही सूचना त्या रकान्याच्या खालीच आली.

पानाचा कच्चा नमुना काही तरुण वाचकांना भरायला दिला होता. एकाने ‘काय खाल्ले’ या रकान्यात चार दिवस नियमाने लिहिले आणि ‘किती’ या रकान्यात चारही दिवस ‘थोडेसे’ असेच लिहिले. पाचव्या दिवशी तेथे ‘तेवढेच’ होते. आहारतज्ज्ञ हसल्या आणि त्यांनी तो रकाना काढून त्याजागी तीन छोटी चित्रे घालायला सांगितली : मूठ, तळहात आणि पेला. वाचकाने त्यांतील एकावर खूण करायची आणि बाजूला संख्या लिहायची. चित्रकारांनी आकृत्या त्याच दिवशी पाठवल्या.

२८ एप्रिल

अंतिम वाचन झाले. कडक पथ्यांबाबतचा परिच्छेद शेवटी पुन्हा लिहिला. दीर्घकाळ पूर्ण उपास करणाऱ्यांच्या त्वचेतून होणारा सीबमचा स्राव बराच घटतो, हे १९७० च्या सुमारास स्थूल व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात दिसले होते, आणि त्याचा दाखला देऊन उपासाची भलामण करणारा मजकूर आता सर्रास फिरतो. तो अभ्यास ग्रंथी इंधनावर अवलंबून असते एवढे दाखवतो, त्यातून उपचार निघत नाही. म्हणून तो उल्लेख काढून टाकला आणि त्याऐवजी, जेवणाच्या भीतीने पदार्थ एकेक करून वगळत जाणे, वजन झपाट्याने उतरणे, इतरांसोबत जेवणे टाळणे ही लक्षणे दिसली तर पालकांनी वा मित्रांनी डॉक्टरांशी बोलावे, असे लिहिले. मुरुमांमुळे आधीच चेहऱ्याबद्दल अस्वस्थ असलेल्या वयात हा धोका मुरुमांपेक्षा मोठा ठरू शकतो.

ओमेगा-३ ची चौकट मात्र राहिली. कोरियातील २०१४ च्या अभ्यासात ४५ जणांपैकी ओमेगा-३ घेणाऱ्यांत दहा आठवड्यांत सुधारणा दिसली होती, पण एवढ्याशा संख्येवर ‘संभाव्य’ म्हणायला त्वचारोगतज्ज्ञ तयार झाले नाहीत आणि खूण ‘अपुरे’ अशीच ठेवली.

छापखान्याकडे जाणाऱ्या प्रतीतून तिन्ही खुणा काढायच्या होत्या, कारण त्या फक्त खर्ड्यासाठी होत्या. आहारतज्ज्ञांनी त्या वाचकासाठीही ठेवाव्यात असा प्रस्ताव मांडला आणि तो एकमताने मान्य झाला. आता प्रत्येक विधानासमोर समासात लहान चौकोन असेल : भरलेला म्हणजे ठाम, अर्धा भरलेला म्हणजे संभाव्य, रिकामा म्हणजे अपुरे. भरलेले चौकोन मुख्यत्वे त्वचेच्या रचनेच्या आणि औषधांच्या पानांवर आहेत. ग्लायसेमिक भाराच्या आणि दुधाच्या पानांवर अर्धे. चॉकलेटच्या पानावर भरलेला एकही नाही. सुधारित प्रत उद्या छापखान्यात जाईल.